मागची सीट

खंडेनवमीला लोक नांगर धुतात, विळ्या-खुरप्यांना हळदकुंकू लावतात, कळंबच्या आडतीवर तराजू पुजतात. हलगऱ्यांच्या पूजेत गेली काही वर्षं एक विमानही असे, आणि गावाला आता त्याचं नवल उरलं नव्हतं. कुणी म्हणे सिद्धलिंगाची लेक, कुणी म्हणे पांढरा हत्ती. सिद्धलिंग दोन्हीला हसायचा. हवाई दलात उभी उमेद दुसऱ्यांच्या विमानांचे पंख दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. निवृत्त होऊन गावी आला आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाच्या पट्ट्या, लोखंडी नळ्या, कापड आणि कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेलं इंजिन जमवून त्यानं स्वतःचं विमान उभं केलं. पुढं दोन चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं. जमिनीवर असलं की नाक आभाळाकडं आणि शेपूट मातीत, कुत्रं मालकाच्या तोंडाकडं बघत बसावं तसं.

त्या साली पूजेला झेंडूचं फूल औषधालाही मिळालं नाही. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. बारवा कोरड्या, घरोघरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, आणि अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. सिद्धलिंगच्या बायकोनं, इरम्मानं, कडुलिंबाच्या डहाळ्यांचा हार केला आणि पदराखाली झाकून ठेवला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, म्हणून विमानाची पूजा सांजेवर टाकली होती. आधी उडायचं, मग पुजायचं, आणि दसऱ्याच्या पहाटे पंख उतरवायचे.

पंख उतरवायचे, कारण उद्या दसऱ्याला माळावर सहकारी सूतगिरणीची कुदळ पडणार होती. थोरले दीर माणिकप्पा गिरणीचे मुख्य प्रवर्तक. माळ घरातला, तो त्यांनीच देऊ केला होता. दगड वेचून वेचून सपाट केलेला तो कडक माळ म्हणजेच सिद्धलिंगची धावपट्टी. सिद्धलिंग भावाशी भांडला नाही. "गावाला काम लागंल, अण्णा. म्या उडलो लई," एवढंच म्हणाला. पण माळ द्यायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विमानाच्या पाठीचं कापड सोलायला घेतलं. त्याच्या सीटमागं सामान ठेवायची जागा होती, तिथं त्याला दुसरी सीट बसवायची होती.

"कुणासाठी वो?" इरम्मानं विचारलं होतं.

"तुझ्याबिगर कोन हाय मला?"

बाई पंचेचाळिशी ओलांडलेली. तरी त्या दिवशी तव्यावरच्या सगळ्या भाकरी करपल्या.

तेव्हापासून ती उघड्या डोळ्यांनी स्वप्नातच वावरत होती. पाण्याच्या रांगेत घागर पुढं सरकवताना तिला वाटे, आपण जमिनीपासून वीतभर वर आहोत. मोकळं राहिलेलं पोट, सासूचे बोल, बारशाच्या घरांतून मागच्या दारानं परतणं, हे सारं खाली कुठंतरी राहिलं आहे. एकदा, एकदाच वर जायचं होतं तिला. उतरल्यावर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची गरजही वाटत नव्हती.

सीट बसली, शेपटीकडं जाणाऱ्या तारा नव्या मार्गानं ओढल्या गेल्या, आणि मग नवं कापड घालायची वेळ आली. ते शिवायला घरातल्या दोन्ही जावा बसल्या. थोरली भिमाबाई, माणिकप्पांची बायको, वाळक्या शेंगेसारखी काटकुळी आणि तशीच खुळखुळणारी. तिच्या हाताची वाकळ पंचक्रोशीत मागून नेत. पण सिद्धलिंगला वाकळेचा धावता टाका नको होता. त्याला प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ हवी होती, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा उसवणार नाही.

"घरात अशी गाठ मारली असती तर वाटण्या झाल्या नसत्या," भिमाबाई म्हणाली, आणि बिनचूक मारली. टोमणे मात्र चालूच होते. पोरगी उजवायची असल्यागत नटवा मेलीला. आता म्हातारपणी घिरट्या घाला. कापडावर रोगणाचे हात चढले, पिकल्या केळ्यांसारखा वास घरभर भरला, कापड ढोलकीसारखं ताणून बसलं. त्याआधीची शेवटची शिवण भिमाबाईनं एकटीनं घातली होती. "तू जा, जेवन बघ," म्हणून तिनं इरम्माला घालवून दिलं होतं.

नवमीच्या सकाळी माळावर घरची सगळी माणसं जमली. आडतीवरचा मापाडी बब्रुवान तीन मोठे काटे बैलगाडीतून घेऊन आला होता. दुकानातली पूजा व्हायच्या आत आणले, म्हणून त्याला दोनदा चहा मिळाला. दोन काटे पुढच्या चाकांखाली गेले. तिसऱ्यावर घडवंची ठेवून तिच्यावर शेपूट टेकवलं, म्हणजे विमान जमिनीला समांतर झालं.

"हे कशापायी?" माणिकप्पांनी विचारलं. धोतराचा सोगा हातात, कपाळाला विभूती. उद्याचं भाषण त्यांच्या ओठांवर आत्तापासूनच हलत होतं.

"मागं मानूस बसलं की तोल मागं जातो, अण्णा. शेपूट हद्दीभायेर जड झालं तर वर गेल्यावर नाक खाली येत न्हाय. मग देवच आनतो खाली." सिद्धलिंगनं शेपटीच्या काट्यावर वजन एका खुणेला लावून ठेवलं. "दांडी पडून ऱ्हायली तर जायचं. उचलली तर न्हाय."

माणिकप्पा काट्याकडं बघत राहिले. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना म्हणाले, "मग पयला म्याच बसतो. गिरनीची जागा वरनं एकदा बघावी म्हनतो."

इतक्या वर्षांत त्यांनी विमानाला बोट लावलं नव्हतं. सिद्धलिंगनं इरम्माकडं पाहिलं, इरम्मानं मातीकडं. थोरल्या भावाला नाही म्हणायची घरात रीत नव्हती.

"बसा. काटा काय म्हनतो बघू."

सिद्धलिंग पुढं बसला. माणिकप्पांना मागं चढवायला त्यांचा पोरगा वीरप्पा आणि बब्रुवान दोघं लागले. ते पुरते टेकायच्या आतच दांडी खाडकन वर उडाली.

"मालक, नवसाचा गूळच लागंल हितं," बब्रुवान म्हणाला, आणि आपण जास्त बोललो म्हणून टोपी सारखी करू लागला. वीरप्पाला हसू आवरेना. मग तोही चढला, तर त्यालाही दांडीनं तोच जबाब दिला. गिरणीचा सचिव व्हायच्या आधीच त्याचं पोट अध्यक्षांसारखं झालं होतं.

"आता काकूला बसू द्या," उतरताना तो म्हणाला. "शीट तिच्यासाठीच केलीय न्हवं?"

"घरातले बाप्ये संपले व्हय?" भिमाबाई फणकारली. "सनासुदीचं बाईमानूस आभाळात धाडतेत! लोक काय म्हनतील?"

"लोक तांबडी मिलो खात्यात, आई. त्यास्नी कुठला येळ?"

इरम्मा कुणाचं ऐकत नव्हती. तिनं कासोटा घट्ट केला, सिद्धलिंगनं दाखवलेल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि आत उतरली. आत केळ्यांचा वास होता. ऊन कापडातून गाळून येत होतं, सगळीकडं ताकासारखा पांढुरका उजेड. पुढं नवऱ्याची पाठ, मानेवरचे पिकले केस. बाहेरची माणसं एकदम लांबची वाटू लागली, लहानपणी तापात आईचा आवाज लांबून यायचा तशी. तिनं डोळे मिटले. विमान हललंही नव्हतं आणि ती निघाली होती.

"उचलली," बब्रुवानचा आवाज आला.

"कसं शक्य हाय?" सिद्धलिंग उडी मारून खाली आला. त्यानं दांडी बोटानं दाबून पाहिली, सोडली. ती पुन्हा हळूच वर आली, माणिकप्पांच्या वेळेसारखी ताडकन नाही, पण आली. त्यानं काटे तपासले, घडवंची तपासली, पत्र्यावर कोळशानं पुन्हा आकडे मांडले. "हिच्या वजनाला बसायला पायजे. शेपटीत कायतरी जास्तीचं हाय. लई न्हाय, थोडंच. पर शेपटीतला येक किलो म्हंजे शीटवरचं पाच किलो. रोगन जास्त बसलं का काय? माझंच चुकलं कुठंतरी."

"थोडंच हाय तर जाऊन या की," वीरप्पा म्हणाला.

"थोडंच जड म्हनून गेलेले लई बघितलेत म्या." सिद्धलिंगनं पंखावर हात ठेवला. इरम्माकडं न बघताच तो म्हणाला, "उतर, इरू."

ती उतरली. रडू आलं नाही, राग आला. आयुष्यभर सगळ्यांनी तिला दारातून परत पाठवलं, आणि आज लोखंडाच्या दांडीनंही तेच केलं. तिला त्या दांडीचा, त्या माळाचा आणि नवऱ्याच्या खरेपणाचाही मनापासून राग आला. नव्या सीटचं कापड उन्हात चमकत होतं. उद्या इथं मांडव पडेल, परवा पाया खणतील. पुढल्या खेपेला हा शब्दच उरला नव्हता.

"झालं मनासारखं, अक्का?" ती भिमाबाईकडं वळून म्हणाली. आवाज चढला, तो तिनं चढू दिला.

भिमाबाईचं तोंड उतरलं होतं. ती शेपटीपाशी गेली, कापडावरून तळवा फिरवत एका जागी थांबली आणि दुसऱ्या हातानं कपाळ बडवून घेतलं.

"भाऊजी, कात्री आना."

"कशाला, वैनी?"

"आना म्हनते न्हवं! हितं उसवा. म्या शिवलं तितं."

सिद्धलिंगनं शिवण कापली, आत हात घातला आणि हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ बाहेर काढला. मग हळकुंड आलं. मग त्यानं शेपूट कलतं केलं आणि आतून सळसळत गहू आले. मिलोच्या त्या दिवसांत गहू बघून बब्रुवानही पुढं वाकला. ओंजळीमागून ओंजळ येत राहिली. भिमाबाईनं ते कुठल्या डब्याच्या तळाशी राखून ठेवले होते, कुणाला ठाऊक.

"ओटी?" माणिकप्पा ओरडले. "इमानाची?"

सिद्धलिंग अजून आतच चाचपडत होता. शेवटी त्याची मूठ बाहेर आली आणि त्यानं ती सगळ्यांसमोर उघडली. एक सुपारी होती.

"ही कप्पीच्या कडंला हुती, वैनी. बोटभर अंतरावर. ह्या कप्पीवरनं सुकानूची तार जाती. वर गेल्यावर एक धक्का बसला असता आन् ही आत अडकली असती, तर..." तो बोलता बोलता खाली मातीतच बसला. त्याला असं बसलेलं इरम्मानं कधी पाहिलं नव्हतं.

"मला काय ठावं?" भिमाबाई म्हणाली. "लेक घराभायेर पडताना रिकाम्या ओटीनं धाडायची न्हाय, एवढंच मला ठावं. जीव घ्यायला घातली व्हय म्या?"

"देवानं राखलं. आता बास करा हे," माणिकप्पा म्हणाले. "वीरू, पाने काढ. पंख आत्ताच उतरवा."

कुणी हललं नाही. इरम्मा जावेसमोर जाऊन उभी राहिली होती.

"लेक म्हंजे ह्ये, अक्का? का म्या?"

"चोरओटी हाय ती," भिमाबाई म्हणाली. "तिसऱ्या म्हैन्यात थोरल्या जावंनं भरायची असती, कुनाला न कळू देता. तुझी भरायची म्हनून नवी नवरी आलीस तवा खन घेऊन ठेवला व्हता. वाट बघितली. मग वाट बघून बघून तुझाच राग याया लागला मला. मानूस असंच असतंय, इरम्मा. आता तू वर निघालीस, तर म्हनलं, कुनाच्या का पोटात व्हईना, पर भरावी."

इरम्माला वीरप्पाच्या बायकोचं डोहाळजेवण आठवलं. याच बाईनं तिला 'जरा आत बस' म्हटलं होतं. ते ती विसरली नव्हती आणि पुढंही विसरणार नव्हती. पण खण खरोखरच जुना होता, घडीवर पांढरा पडलेला. इतकी वर्षं तो ट्रंकेत होता, आणि इतकी वर्षं ही बाई त्याच्यावर बसून टोमणे मारत होती. इरम्माला तिचा राग आला, तिची कीव आली, आणि तिला मिठी मारावीशी वाटली, सगळं एकाच वेळी. तिनं पदर पसरला.

"घाला."

"हितं? बाप्यांफुडं?"

"चोरून घातली तर काय झालं बघितलंसा न्हवं?"

बब्रुवाननं तोंड फिरवलं. भिमाबाईनं मातीतले गहू वेचले, फुंकर मारली आणि भर माळावर जावेची ओटी भरली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "सुई आना. उसवायला म्या लावलं, म्याच शिवते. इरम्मा जानार हाय."

"भिमा, शुद्धीवर हायस का?" माणिकप्पा पुढं आले. "आत्ता जीव गेला असता दोघांचा!"

"आता आत काय न्हाय. भाऊजींनी बघितलं, म्या बघितलं, तुमीबी हात घालून बघा." तिनं दोरा दातांनी तोडला. "आन् आमाला नगा सांगू. माळ देताना घरात कुनाला इचारलं व्हतं तुमी?"

हा प्रश्न घरात कुणीच विचारला नव्हता. ज्याची धावपट्टी जात होती त्या सिद्धलिंगनंही नाही. माणिकप्पा सोगा सावरून कडुलिंबाच्या सावलीकडं चालू लागले. वीरप्पा बापामागं दोन पावलं गेला, थांबला, आणि कात्री उचलायला परत आला.

टाके पडले, प्रत्येकाला वेगळी गाठ. वर पट्टी, पट्टीवर रोगण. ते सुकायला ऊन भरपूर होतं, त्या साली उन्हाची कधीच कमी पडली नाही. इरम्मा पुन्हा मागं बसली आणि दांडी जागची हलली नाही. तरी बब्रुवाननं काट्याला टिचकी मारून खात्री केली. सिद्धलिंगनं सुकाणू डावी-उजवीकडं फिरवून बघितलं, पुन्हा बघितलं, शेपटीला कान लावून बघितलं. ओटी त्यानं भिमाबाईच्या हवाली केली. हळकुंड तेवढं इरम्मानं पदराच्या गाठीत मारलं आणि त्यानं ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

दिवस कलला, वारा पडला. वीरप्पानं पंख्याला झोका दिला, चाकाखालचे दगड काढले आणि बाजूला पळाला. विमान खडखडत निघालं. आधी शेपूट वर आलं. इतका वेळ आभाळच बघत बसलेल्या इरम्माला एकदम पुढचा सगळा माळ दिसला. मग खडखड थांबली. तिला वाटलं, इंजिन बंद पडलं. इंजिन चालूच होतं, फक्त जमीन सुटली होती.

भीती तिला वाटलीच नाही. तिनं हात मांडीवर ठेवले आणि सगळं आपल्याखालून जाऊ दिलं. भुईमुगाच्या टरफलासारखी वाळलेली शेतं गेली, काळ्या ठिपक्यांसारख्या कोरड्या विहिरी गेल्या. तलावाच्या कामावर पाट्या घेतलेल्या बाया थांबून वर बघत होत्या. त्यातल्या एकीनं हात हलवला, इरम्मानंही हलवला. मग घर आलं. जिथं ती मान खाली घालून वावरली, ज्याच्या प्रत्येक उंबऱ्याला तिनं वळसा घातला होता, ते घर अंगठ्यानं झाकलं जाईल एवढं होतं. तिनं अंगठा धरून बघितला. झाकलं गेलं. ती मोठ्यानं हसली. पुढं बसलेल्या माणसाला ते इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं, पण त्याच क्षणी त्यानं विमान हळूच एका पंखावर कलतं केलं आणि माळ तिच्या बाजूला आणला.

तांबडा, उघडा, शांत माळ. उद्या इथं काय उभं राहणार, हे वरून कळत नव्हतं. खूप वेळ तसंच फिरत राहावं, असं तिला वाटलं. थोडा वेळ तसं झालंही.

उतरताना चाकं एकदा उसळली, मग शेपूट मातीला टेकलं आणि पुन्हा फक्त आभाळ उरलं. आवाज थांबल्यावर इरम्माला आपला श्वास ऐकू आला. वीरप्पानं तिला हात देऊन उतरवलं. पाय जमिनीवर होते, पण त्यांना ते अजून पटलं नव्हतं. माणिकप्पा सावलीतून उठून चार पावलं पुढं आले होते आणि काही विचारावं की नाही, या पेचात होते.

भिमाबाई आधी पोचली. ओटीचं गाठोडं पोटाशी धरलेलं, तोंड घामानं निथळलेलं.

"काय दिसलं गं वरनं?"

"लई दिसलं," इरम्मा म्हणाली. मग जरा थांबून, "समदे सावलीला बसले व्हते. उन्हात तुमी येकट्याच हुब्या व्हता, अक्का. आमी फिरू तिकडं तोंड करून."

भिमाबाई पदरानं तोंड पुसायला गेली आणि बराच वेळ पुसतच राहिली. मग तिनं गाठोडं इरम्माच्या हातात दिलं, कासोटा आवळला आणि दिराकडं वळली.

"भाऊजी, पेट्रोल हाय का वो अजून?"